एप्रिलमधल्या कोरड्या काळ्या रानात पेनेट्रोमीटर नेमके काय मोजतो?

वाळवा तालुक्यातील एका ऊस उत्पादक शेतकऱ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन एकर भारी काळ्या जमिनीतला खोडवा (आधीच्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस) मार्चमध्ये तुटून गेला. तोडणीच्या वेळी भरलेल्या ट्रॉल्या थेट रानात फिरल्या. जुलैमध्ये आडसाली लागण करायची असल्याने जमीन किती दबली आहे हे पाहण्यासाठी त्यांनी तबकडीचा, हाताने दाबायचा पेनेट्रोमीटर विकत घेतला आणि एप्रिलच्या शेवटी तो रानात लावून पाहिला. चार इंचांवरच काटा लाल भागात गेला आणि सहा इंचांपुढे दांडा जाईना. ‘बांधालगत, जिथे ट्रॉली कधीच गेली नाही, तिथेही काटा लालच दाखवतो, मग सगळे रान दबले आहे असे समजून सबसॉयलर चालवू का?’ असे त्यांनी शेवटी विचारले आहे. (सबसॉयलर म्हणजे खोलवरचा दबलेला थर फोडणारे अवजार.)

या प्रश्नातला सर्वांत मोलाचा भाग बांधालगतच्या नोंदीचा आहे. ट्रॉली गेलेल्या आणि न गेलेल्या अशा दोन्ही जागांवर उपकरण एकच उत्तर देत असेल, तर ते या दोन जागांमधला फरक मोजत नाही, दोन्हीकडे समान असलेली एखादी गोष्ट मोजत आहे. एप्रिलअखेरच्या उघड्या काळ्या रानात सगळीकडे समान असलेली गोष्ट म्हणजे कोरडेपणा. तेव्हा ‘सबसॉयलर चालवू का’ या प्रश्नाच्या आधी ‘माझ्या रानात दबलेला थर आहे का, असेल तर किती खोलीवर आहे आणि किती जाड आहे’ हा प्रश्न सोडवावा लागेल. हातात असलेल्या नोंदींवरून त्याचे उत्तर देता येत नाही. याचा अर्थ जमीन दबलेली नाही असाही होत नाही.

पेनेट्रोमीटर मातीचा घट्टपणा थेट मोजत नाही. तीस अंशांच्या टोकाचा शंकू जमिनीत सरकवायला दर चौरस इंचाला किती जोर लागतो, एवढेच तो सांगतो. हे तंत्र मुळात शेतीसाठी घडलेले नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी ओल्या जमिनीवरून वाहने जातील की रुततील हे ठरवण्यासाठी ते विकसित केले आणि शेतीत ते नंतर आले. शंकूला होणारा विरोध मातीच्या घनतेवर अवलंबून असतो, तसाच तो ओलीवर, चिकणमातीच्या प्रमाणावर आणि खोलीवरही अवलंबून असतो. आपल्या भारी काळ्या जमिनीत, जिथे फुगणारी आणि आकसणारी चिकणमाती जास्त असते, तिथे ओलीचा परिणाम इतका मोठा असतो की तो बाकी सगळ्यांना झाकून टाकतो. तीच जागा पावसाळ्यात शंभर पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाखवते आणि उन्हाळ्यात तबकडीवरचे आकडे संपवते, मध्ये तिच्यावरून एकही चाक गेले नसले तरी.

तबकडीवरच्या लाल भागाबद्दलही दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. बहुतेक उपकरणांवर दोनशेपर्यंत हिरवा, दोनशे ते तीनशे पिवळा आणि तीनशे पीएसआयच्या पुढे लाल रंग असतो. तीनशे पीएसआय म्हणजे साधारण दोन मेगापास्कल. या मर्यादेमागे १९६० च्या दशकात अमेरिकेच्या टेक्सास भागात, मुख्यतः हलक्या रेताड पोयट्याच्या जमिनीत, कापसाच्या मुळांवर झालेले काम आहे. आकडा उपयोगी आहे, पण तो भिंत नाही. मूळ शंकूसारखे सरळ घुसत नाही, ते वळते, भेगेतून वाट काढते, गांडुळाच्या बिळातून खाली उतरते, आणि पुढे सरकताना त्याला शंकूच्या मानाने घर्षणही फार कमी होते. त्यामुळे चांगल्या भेगाळणाऱ्या काळ्या जमिनीत शंकूला साडेतीनशे लागत असतानाही ऊस मुळे खाली नेतो, आणि पाट्यासारख्या सलग थरात अडीचशेलाच मुळे आडवी पसरतात, हे दोन्ही मी खड्डे खणून पाहिले आहे.

म्हणून मोजणी वाफशावर, म्हणजे जमीन चिखलही नाही आणि कोरडीही नाही अशा ओलीवर, करायची. ओल वाफशाची असताना मातीतल्या पाण्याचा ताण साऱ्या रानात बऱ्यापैकी सारखा असतो आणि मग जो फरक दिसतो तो घट्टपणाचा असण्याची शक्यता वाढते. इंग्रजी पुस्तिकांमध्ये भिजवणाऱ्या पावसानंतर एका दिवसाने मोजावे असे लिहिलेले असते, पण ते निचऱ्याच्या जमिनींना लागू आहे. मध्यम जमिनीला दोन-तीन दिवस आणि भारी काळ्या जमिनीला चार ते सहा दिवस द्यावे लागतात. मुठीत दाबलेल्या मातीचा गोळा व्हावा, तळहाताला चिकट राड राहू नये आणि कमरेच्या उंचीवरून सोडल्यावर गोळा फुटावा, ही आपली जुनी परीक्षा इथे पुरेशी आहे. मात्र ती वरच्या मातीवर न करता गिरमिटाने एक फूट आणि दीड फूट खोलीवरून काढलेल्या मातीवर करावी.

इथे तुमच्या वेळापत्रकाची अडचण येते. मोजणीला ओल हवी, तर सबसॉयलरला कोरडी जमीन हवी, कारण ओल्या काळ्या मातीत त्याचा फाळ थर फोडत नाही, लोण्यातून सुरी फिरावी तशी फक्त एक चीर पाडून जातो. पावसाची वाट पाहून जूनच्या शेवटी मोजले तर उत्तर मिळेल, पण ते वापरायची वेळ निघून गेलेली असेल. यातून वाट आहे, कारण मोजणीसाठी सगळे रान भिजवण्याची गरज नसते.

रानात सहा ठिकाणी दोन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद असे छोटे वाफे बांधून घ्या. त्यांतले दोन वाफे ट्रॉलीच्या चाकोरीवर घ्या, दोन अशा पट्ट्यात घ्या जिथे चाक गेले नसल्याची खात्री आहे, एक ट्रॉल्या वळत होत्या त्या डोक्याकडच्या जागेवर घ्या आणि एक तुलनेसाठी बांधाजवळ घ्या. ही शेवटची जागा निवडताना पायवाट, बैल बांधण्याची जागा आणि मोठ्या झाडाखालची जागा टाळा, कारण पायवाटेवरची माती दबलेली असते आणि झाड खोलवरची ओल ओढून घेते. सुकलेल्या काळ्या मातीच्या वरच्या दीड फुटाला वाफशापर्यंत आणायला साधारण १२० मि.मी. पाणी लागते, म्हणजे चार चौरस मीटरच्या वाफ्याला जवळजवळ पाचशे लिटर. भेगांतून काही पाणी खाली निघून जाणार असल्याने सहाशे धरा. ते दोन हप्त्यांत द्या. पहिल्या पाण्याने माती फुगून भेगा मिटतात आणि दुसऱ्या दिवशी दिलेले पाणी खरोखर मातीत मुरते. पाणी जिरल्यावर वाफ्यावर पाचटाचा जाड थर टाका, म्हणजे वरून बाष्पीभवन न होता फक्त निचरा होईल. दुसरे पाणी जिरायला प्रत्येक वाफ्यात किती वेळ लागला तेही वहीत लिहून ठेवा. चाकोरीतल्या वाफ्यात पाणी संध्याकाळपर्यंत उभे राहिले आणि न तुडवलेल्या वाफ्यात ते दुपारीच जिरले, तर पेनेट्रोमीटर हातात घेण्याआधीच तुम्हाला निम्मे उत्तर मिळालेले असेल.

उपकरणाबरोबर दोन शंकू येतात आणि गफलत बहुधा इथे होते. मोठ्या शंकूच्या तळाचा व्यास सुमारे २०.३ मि.मी. आणि क्षेत्रफळ अर्धा चौरस इंच असते. लहान शंकूचा व्यास सुमारे १२.८ मि.मी. आणि क्षेत्रफळ ०.२ चौरस इंच असते. तबकडीवर दोन्हींसाठी वेगळी वर्तुळे असतात. तीनशे पीएसआय दाखवण्यासाठी मोठ्या शंकूवर दीडशे पौंड, म्हणजे अडुसष्ट किलोचा जोर द्यावा लागतो, तर लहान शंकूवर सत्तावीस किलो पुरतात. दांडा सहा इंचांपुढे न जाण्यामागे जमिनीइतकाच तुमच्या शरीराच्या वजनाचाही हात असू शकतो. मध्यम बांध्याचा माणूस मोठ्या शंकूवर तीनशेच्या पुढे स्थिर जोर देऊच शकत नाही, तो उसळून जोर देतो आणि काटा उड्या मारू लागतो. भारी जमिनीत लहान शंकूच वापरावा आणि त्याच्याच वर्तुळावर वाचावे. शंका असल्यास घरातल्या वजनकाट्यावर लाकडी ठोकळा ठेवून त्यावर उपकरण दाबून पाहा. लहान शंकूच्या वर्तुळावर तीनशे दिसत असताना वजनकाटा सत्तावीस किलोच्या आसपास असायला हवा. तो चाळीस दाखवत असेल, तर दोष जमिनीचा नाही.

दाबताना दोन्ही हातांनी सारखा जोर देत दांडा उभा ठेवावा आणि सेकंदाला सुमारे तीन सेंटिमीटर या गतीने खाली न्यावा, म्हणजे दीड फूट जायला पंधरा सेकंद लागतील. मध्ये थांबून पुन्हा सुरुवात केली की काटा काही काळ खोटे बोलतो. दांड्यावर दर तीन इंचांना खूण असते आणि प्रत्येक खुणेशी आकडा मोठ्याने म्हणावा. लिहिणारा माणूस वेगळा असावा, एकट्याने हे काम नीट होत नाही. दांडा शंकूपेक्षा बारीक ठेवलेला असतो तो मातीचे घर्षण टाळण्यासाठी, पण काळी माती त्याला चिकटतेच, म्हणून प्रत्येक वेळी तो पुसून घ्यावा. एका वाफ्यात पावला-पावलावर चार-पाच वेळा दाबावे. दगडाला लागून आकडा एकदम उसळला किंवा मिटलेल्या भेगेत दांडा सहज उतरला, तर ती नोंद बाजूला ठेवावी आणि उरलेल्यांतली मधली नोंद धरावी. सरासरीपेक्षा मधली नोंद मला अधिक विश्वासार्ह वाटते, कारण एका खड्याने सरासरी बिघडते.

आता नोंदी वाचण्याकडे वळू, आणि माझ्या मते खरे कौशल्य इथेच आहे. मी आकड्याच्या मोठेपणाकडे नंतर पाहतो, आधी तो खोलीनुसार कसा चढतो आणि उतरतो ते पाहतो. दबलेल्या थराची ओळख अशी की विरोध एका खोलीवर झटकन वाढतो आणि तो थर ओलांडल्यावर पुन्हा कमी होतो. तीनशेची पातळी कुठे ओलांडली आणि कुठे पुन्हा तिच्या खाली आला, या दोन खोल्या लिहिल्या की थराचे तोंड आणि तळ दोन्ही सापडतात. चार ते सहा इंचांवर असा चढ सगळ्या वाफ्यांत सारखा दिसला तर तो बहुधा वर्षानुवर्षे त्याच खोलीवर फिरलेल्या रोटाव्हेटरचा पाटा असतो. आठ ते दहा इंचांवर असेल तर नांगराच्या तळाचा असतो. तो फक्त चाकोरीत आणि वळणाच्या जागी दिसला, मधल्या पट्ट्यात दिसला नाही, तर दोष ट्रॉल्यांचा आहे आणि उपायही फक्त तेवढ्याच पट्ट्यांपुरता लागेल.

विरोध वरपासून खालपर्यंत हळूहळू वाढतच गेला आणि कुठेही उतरला नाही, तर त्याला दबलेला थर म्हणण्याची घाई करू नये. पाणी तेवढे खोल पोचलेच नसेल, किंवा खाली चुनखडीचा अथवा मुरमाचा नैसर्गिक थर असेल. म्हणूनच प्रत्येक वाफ्यातून सहा, बारा आणि अठरा इंचांची थोडी माती डब्यात घेऊन तिचे ओले आणि वाळवलेले वजन करावे. प्रयोगशाळेत ती १०५ अंश सेल्सियसला चोवीस तास वाळवतात. भारी काळ्या मातीत वाफशाची ओल कोरड्या वजनाच्या साधारण तीस ते चाळीस टक्के असते. दोन वाफ्यांच्या ओलीत तीन-चार टक्क्यांहून जास्त फरक निघाला, तर त्यांच्या पेनेट्रोमीटरच्या नोंदींची तुलना मी करत नाही.

अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या विस्तार विभागाचा एक ठोकताळा बराच वापरला जातो. वाफशावर घेतलेल्या नोंदींपैकी निम्म्याहून अधिक जागी तीनशेच्या वरचा थर आढळला तरच खोल फोडणीचा विचार करावा, असा त्याचा आशय आहे. त्यात एकरी तीन-चार जागा धरल्या आहेत. तिथल्या जमिनी आणि पिके वेगळी असल्याने मी तो टक्का काटेकोर मानत नाही, पण दोन-चार लाल नोंदींवरून साऱ्या रानाचा खर्च करू नये ही त्यातली सावधगिरी आपल्याकडेही योग्य आहे. सहा वाफे कारण शोधायला पुरतात, व्याप्ती ठरवायला पुरत नाहीत. वाफ्यांत थर दिसलाच तर जूनमधल्या चांगल्या पावसानंतरच्या वाफशात साऱ्या रानातून पुन्हा नोंदी घेऊन नकाशा करून ठेवा, पुढच्या उन्हाळ्यात तो उपयोगी पडेल.

पेनेट्रोमीटर कुठे खणायचे ते सांगतो आणि खरे काय आहे ते फावडे सांगते, म्हणून निदान दोन वाफ्यांच्या कडेला दोन फूट खोल खड्डा घ्याच. तुमच्याकडे सध्या एक पुरावा तयार आहे, तो नष्ट होऊ देऊ नका: खोडव्याचे बुडखे अजून रानात असतील, तर रोटाव्हेटर फिरवण्याआधी एक बुडखा मुळांसकट उघडा करून पाहा. गेल्या वर्षभरात मुळे कुठपर्यंत गेली याची ती लेखी नोंदच आहे. मुळे एका ठरावीक खोलीवर काटकोनात वळून आडवी पसरली असतील आणि तिथली माती पापुद्र्यासारख्या आडव्या थरांत सुटत असेल, तर दबलेला थर आहे यात शंका राहत नाही. खड्ड्याच्या उभ्या भिंतीत सुरीचे टोक वरून खाली दर दोन इंचांवर टोचत गेलात तर हाताला तो थर लगेच जाणवतो. उलट मुळे दोन फुटांपर्यंत सरळ गेली असतील, तर तबकडी काहीही म्हणो, सबसॉयलरचे पैसे वाचवा.

कृष्णा-वारणाकाठच्या बागायती रानांत आणखी एक शक्यता नेहमी तपासावी लागते, ती म्हणजे चोपण जमीन. सोडियम वाढलेल्या मातीचे कण पाण्यात सुटे होतात, पोकळ्या बुजतात आणि जमीन चाकाशिवायही दगडासारखी होते. पेनेट्रोमीटरला हा फरक कळत नाही. घरगुती चाचणी सोपी आहे: खड्ड्यातल्या मातीचे वाळलेले छोटे ढेकूळ काचेच्या ग्लासात, पावसाच्या किंवा शुद्ध केलेल्या पाण्यात, न ढवळता सोडा. काही तासांत त्याच्याभोवती दुधाळ वलय पसरले तर माती परीक्षणात सामू आणि विनिमययोग्य सोडियमचे प्रमाण तपासून घ्या. सामू साडेआठच्या वर आणि ते प्रमाण पंधरा टक्क्यांच्या वर असेल, तर निचऱ्याची सोय आणि अहवालानुसार जिप्सम हा मूळ उपाय आहे. तो न करता फोडलेली जमीन पहिल्या दोन पाण्यांतच पुन्हा बसते. माझ्या पाहण्यात सबसॉयलर ‘फुकट गेला’ अशा तक्रारींत हे कारण वारंवार आढळते.

काही जण रिंगने माती काढून घनता मोजावी असे सुचवतील. ती पद्धत चांगली आहे आणि चिकणमातीत दर घन सेंटिमीटरला सुमारे १.४७ ग्रॅमच्या पुढे, रेताड मातीत १.८ च्या पुढे मुळांना अडथळा होतो असे ढोबळ आकडेही उपलब्ध आहेत. पण काळी माती ओलीनुसार फुगते आणि आकसते, त्यामुळे तिची घनताही ओलीबरोबर बदलते. इथेही वाफशाची अट सुटत नाही, आणि कष्ट दसपट.

इतके करून थर सापडलाच, तर मे महिन्यात सबसॉयलर चालवायला हरकत नाही. फाळ थराच्या तळापेक्षा दीड-दोन इंच खाली चालला पाहिजे. थर चौदा इंचांवर संपत असेल तर सोळा इंच पुरेत, दोन फूट खोल ओढून डिझेल जाळण्यात फायदा नाही. सगळे रान करण्याआधी फाळाची एकच ओळ ओढून तिच्यावर आडवा चर खणून पाहा. फाळाच्या दोन्ही बाजूंना माती तिरकी उचलली जाऊन तडकलेली दिसली तर काम चालू ठेवा, फक्त अरुंद चीर दिसली तर खाली ओल आहे, आठ-दहा दिवस थांबा. थर फक्त वरच्या सहा इंचांत असेल, तर सबसॉयलर लागतच नाही, साधी खोल नांगरट आणि त्यानंतर रोटाव्हेटरचा मोह आवरणे एवढे पुरते.

काळ्या जमिनीला स्वतःला दुरुस्त करण्याची ताकद असते, पण तिला खोलवर वाळून भेगाळायला वेळ मिळाला तर. सोळा-अठरा महिन्यांचा आडसाली ऊस, त्यामागे खोडवा आणि लगेच पुन्हा लागण या चक्रात तिला तो वेळ मिळतच नाही. थर सौम्य निघाला आणि घरची गणिते जुळत असतील, तर या वेळी लागण पुढे ढकलून ताग किंवा धैंचा गाडणे आणि रब्बीत करडई किंवा हरभरा घेऊन जमीन उन्हाळ्यात पूर्ण सुकू देणे मला फोडणीपेक्षा बरे वाटते. कारखान्याच्या नोंदी आणि पैशांची निकड यांवर ते अवलंबून आहे, आणि तो निर्णय तुमचाच आहे.

वाफ्यांच्या नोंदी कळवाल तेव्हा प्रत्येक वाफ्याची जागा, वापरलेला शंकू, दर तीन इंचांचे आकडे, तीन खोल्यांची ओल, पाणी जिरायला लागलेला वेळ आणि उघड्या केलेल्या बुडख्याचा एक फोटो एवढे द्या. फोटोत शेजारी मोजपट्टी उभी ठेवा, म्हणजे मुळे कोणत्या इंचावर वळली ते वाचता येईल.